सेव्ह केलंय... पण जपलंय का?

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलेला हा किस्सा. तिच्या टीममध्ये कानपूरचा एक मुलगा आहे. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली, मिसळीचं व्यसन लागलं, आता मराठी शिकायचंच असं त्याने मनावर घेतलं. त्यासाठी पठ्ठ्याने फोनची भाषाच मराठी करून टाकली. एका अ‍ॅपवर भलामोठा फॉर्म भरला आणि खाली बटण आलं, ‘जतन करा’. हा वैतागला. ‘‘अजून काय जतन करू? सगळं भरलं ना!’’

टीममधली मराठी जनता खो-खो हसली. कारण साधं आहे. हिंदीत ‘जतन’ म्हणजे मुख्यतः प्रयत्न, खटपट. ‘बहुत जतन किये’ म्हणजे लय खटपट केली. त्याला वाटलं, अ‍ॅप म्हणतंय, ‘प्रयत्न करा’. आपल्याकडे ‘जतन’ म्हणजे जपून ठेवणं, सांभाळून ठेवणं, आणि हल्ली ‘सेव्ह’.

किस्सा ऐकून मीही हसले. मग घरी येऊन शब्दकोश काढला (मास कॉमला असताना लागलेली वाईट सवय!). आणि लक्षात आलं की कानपूरचा गडी अजिबात चुकलेला नाही. ‘जतन’ हा मूळचा संस्कृत ‘यत्न’. ‘यात्रा’ची जशी ‘जत्रा’ झाली, ‘योगी’चा ‘जोगी’ झाला, तसं ‘यत्न’चं ‘जतन’ झालं. हिंदीने मूळ अर्थ धरून ठेवला, कष्टाचा. मराठीने त्या कष्टाचं फळ धरलं, वस्तू टिकून राहण्याचं. म्हणजे आपल्या भाषेच्या हिशेबात एखादी गोष्ट जतन होते ती कोणीतरी यत्न केला म्हणून. नुसतं बटण दाबलं म्हणून नाही.

गंमत इथेच संपत नाही. हिंदीत ‘जल संरक्षण’ लिहिलेला बोर्ड पाहिला की मराठी माणसाला क्षणभर वाटतं, धरणावर जवान उभे केलेत की काय! कारण आपल्याकडे ‘संरक्षण’ म्हटलं की संरक्षणमंत्री, सीमा, रणगाडे. त्यांच्याकडे त्या खात्याला ‘रक्षा मंत्रालय’ म्हणतात. आपण पाण्यासाठी ‘जलसंधारण’ म्हणतो, किल्ल्यांसाठी ‘जतन आणि संवर्धन’. एकच गोष्ट, पण प्रत्येक भाषेने ती वेगळ्या खणात ठेवलीये.

एक बटण, डझनभर क्रियापदं

आपल्या पिढीचं काय झालंय, की या सगळ्या खणांची चावी एकच. सेव्ह. फोटो सेव्ह, नंबर सेव्ह, रील सेव्ह, पैसे सेव्ह, वेळ सेव्ह. मराठीत मात्र यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि ते आपण रोज वापरतोही. फक्त लक्ष देत नाही.

‘साठवणं’ घ्या. इथे मामला संख्येचा. पाणी साठवतात, धान्य साठवतात, पैसे साठवतात. पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खोल खड्डा करायचे, त्याला पेव म्हणायचे. आज आपण ‘शहरात कॅफेंचं पेव फुटलंय’ म्हणतो, ते हेच पेव. फुटलं की आतलं सगळं भसाभसा बाहेर.

‘राखणं’ म्हणजे दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून नजर ठेवणं. शेत राखतात, गुरं राखतात, पीएमटीत रुमाल टाकून जागा राखायचे. (पीएमटीची २००७ साली पीएमपी झाली, रुमाल तोच राहिला.) बॉसची मर्जी राखतात तीही याच हिशेबाने. जरा नजर हटली की शेजारच्या क्युबिकलमधला घेऊन जातो!

‘टिकवणं’ म्हणजे काळाशी दोन हात. दूध टिकतं, रंग टिकतो, नोकरी टिकते, लग्न टिकतं. नीट ऐका, ‘त्यांचं लग्न टिकलं’ या वाक्यात कौतुक किती आणि दमछाक किती!

‘सांभाळणं’ म्हणजे भार आपल्या अंगावर घेणं. मूल सांभाळतात, घर सांभाळतात, क्लायंट सांभाळतात, आईवडिलांना सांभाळतात. आणि नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी आपण हळूच म्हणतो, ‘‘सर, जरा सांभाळून घ्या.’’

आणि मग येतं ‘जपणं’. हे सगळ्यांत नाजूक. मन जपतात, नातं जपतात, शब्द जपून वापरतात, काचेची बरणी जपून उचलतात. व्याकरणाची एक छोटीशी गोष्ट मला फार आवडते. आपण ‘तब्येत सांभाळ’ म्हणतो, पण ‘तब्येतीला जप’ असंही म्हणतो. तो ‘ला’ बघा. जणू तब्येत ही कोणी बाई आहे, तिला हाताला धरून रस्ता क्रॉस करून द्यायचाय. घरून निघताना मागून हाक येते, ‘‘जपून जा गं, पोचलीस की फोन कर,’’ तेव्हा त्या एका शब्दात विमा, हेल्मेट आणि लोकेशन शेअरिंग सगळं आलेलं असतं.

नाम जपतात त्यालाही ‘जपणं’च म्हणतात. दोन्ही क्रिया शेजारी ठेवून पाहिल्या की एक साम्य दिसतं. माळ एकदाच ओढून जप होत नाही. पुन्हा पुन्हा मणी बोटांखालून जावा लागतो. नात्याचं, पैठणीचं आणि तब्येतीचंही तसंच.

मुरंब्याची बरणी काय सांगते?

या शब्दांची खरी प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघर. तिथे ‘जतन करा’ असं कोणी म्हणत नाही. तिथे खारवतात, वाळवतात, मुरवतात. शास्त्र सरळ आहे. जीवाणू आणि बुरशी यांना जगायला पाणी लागतं. मीठ आणि साखर ते पाणी बांधून टाकतात, ऊन ते उडवून लावतं. म्हणून लोणचं (हा शब्द ‘लवण’पासूनच आला), म्हणून साखरांबा, म्हणून एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड्यांचं वाळवण आणि कावळे हाकलायला बसवलेली सुट्टीतली पोरं. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांनी यासाठी ‘परिरक्षण’ असा भारदस्त शब्द घडवला. पण ‘आजी, यंदा कैऱ्यांचं परिरक्षण केलंस का?’ असं विचारून बघा, लाटणं पडेल!

यातला माझा लाडका शब्द ‘मुरंबा’. २०१७ साली ‘मुरांबा’ नावाचा सिनेमा आला, अमेय वाघ आणि मिथिला पालकरचा, तेव्हापासून तर या शब्दाला तरुण ग्लॅमरच आलं. हा शब्द आपल्याकडे आला अरबी-फारसीतून, ‘मुरब्बा’वरून. अरबीत त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ पाकात घालून टिकवणं असा आहेच, पण त्याआधी वाढवणं, लहानाचं मोठं करणं असा आहे. मूल वाढवतात ना, ते. म्हणजे कैरी पाकात टाकली की ती थांबत नाही, ती ‘वाढवली’ जाते. आता आपला ‘संवर्धन’ हा शब्द पाहा. त्यात ‘वर्धन’ आहे, म्हणजे वाढ. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचली. टिकवायचं तर गोठवून चालत नाही, वाढवावं लागतं.

म्हणूनच आपण मुरंबा ‘मुरला’ म्हणतो, ‘जुना झाला’ म्हणत नाही. मुरलेला गवई, मुरलेला वकील, मुरलेला राजकारणी, सगळे बरणीतून बाहेर आलेले. आणि काही कळत नसेल तर? ‘इथे कुठेतरी पाणी मुरतंय!’

तीन आठवडे, दोन खोल्या, एक कॅसेट

हे सगळं शब्दांचं झालं. प्रत्यक्षात काय होतं ते मला गेल्या वर्षी कळलं, आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हे झालं असेल किंवा होऊ घातलं असेल. भाड्याचा छोटा फ्लॅट, टेम्पो ठरलेला, हातात तीन आठवडे. आई आणि मी रोज रात्री एकेक कपाट उपसायचो. मी तीन ढीग केले होते, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आई प्रत्येक वस्तू चौथ्या ढिगात टाकायची, ‘बघू’.

त्या चौथ्या ढिगात एक ऑडिओ कॅसेट होती. मी चार वर्षांची असताना बाबांनी घरी रेकॉर्ड केलेली. मी त्यात बडबडगीतं म्हणतेय आणि बाबा मधेमधे विचारतायत, ‘‘मग? पुढे काय झालं?’’ बाबांना जाऊन आता बारा वर्षं होतील. ते स्मार्टफोनच्या जमान्याच्या उंबरठ्यावर गेले. त्यामुळे त्यांचा व्हिडिओ नाही, व्हॉइस नोट नाही. आवाज फक्त त्या पट्टीवर.

मी कॅसेट घेऊन एका जुन्या रेडिओ रिपेअरवाल्या काकांकडे गेले. ते कॅसेटवरून डिजिटल करूनही देतात. त्यांनी झाकणातून पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘‘ही वाजत होती वाटतं घरात?’’ मी म्हटलं, काही कल्पना नाही. ‘‘नुसत्या पडून राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरते, पट्टी एकमेकीला चिकटते. ही चांगली आहे. कोणीतरी फिरवत होतं हिला.’’

घरी येऊन आईला विचारलं. ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. म्हणाली, ‘‘दर वर्षी त्यांच्या तिथीला लावायचे मी. तू ऑफिसला गेल्यावर.’’

मला एमपी३ मिळाली. मी ती लगेच अमेरिकेतल्या दादाला पाठवली, क्लाऊडवर टाकली, पेन ड्राइव्हवर घेतली. मग सवयीप्रमाणे प्रॅक्टिकल झाले. म्हटलं, ‘‘आई, आता कॅसेट ठेवायची गरज नाही. सेव्ह झालंय.’’

‘‘तुझं सेव्ह झालं ना? मग माझी मला दे.’’

कॅसेट आता भाड्याच्या घरात तिच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीत आहे. टेपरेकॉर्डरही आलाय, टेम्पोत नाही, रिक्षात, मांडीवर.

‘ठेवणीतलं’. हाही किती मराठी शब्द! रोज वापरायचं नाही पण टाकायचंही नाही, योग्य दिवसाची वाट पाहणारं. त्याच्याच घरातली ‘ठेव’ बँकेत जाते आणि ‘ठेवा’ मनात राहतो. फक्त ‘अडगळ’ तेवढी माळ्यावर. पण ठेवा कुठला आणि अडगळ कुठली, हे ठरवायचं कोणी? आमच्या घरी यावरूनच तीन आठवडे भांडणं झाली. भालचंद्र नेमाड्यांनी २०१० साली आलेल्या ‘हिंदू’ कादंबरीच्या नावातच ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असं म्हणून ठेवलंय, म्हणजे प्रश्न माझ्या आईपुरता नाही.

शहराच्या कपाटात

पुणेकर असाल तर असे ‘चौथा ढीग’वाले लोक तुम्हाला नवे नाहीत. बाजीराव रोडजवळचं राजा केळकर संग्रहालय आपण शाळेच्या ट्रिपला पाहिलेलं असतं आणि नंतर पाहुणे आले की. डॉ. दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) यांनी गावोगाव फिरून वीस हजारांच्या घरात वस्तू जमवल्या. आणि काय जमवलं? दिवे, अडकित्ते, कुलपं, वेण्याफण्या, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं. राजांच्या तलवारींपेक्षा घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तू जास्त. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ हा कोणी नृपती नाही. लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं ते नाव. हे कळल्यावर तिथले अडकित्ते वेगळे दिसायला लागतात.

तसेच वि. का. राजवाडे. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरामागे पडलेली जुनी कागदपत्रं मिळवण्यासाठी माणूस आयुष्यभर वणवण फिरला. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला, पुढे एकूण २२ झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. तिकडे सरकारी पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, मोडीतले कागद कापडात बांधलेले. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात! १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ‘दप्तर’ म्हणजे हिशेबाची, नोंदींची कागदपत्रं. आपण तोच शब्द शाळेच्या पिशवीला वापरला आणि दहा वर्षं पाठीवर वागवला.

सिनेमाचं उदाहरण सगळ्यांत चटका लावणारं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, साल १९३१. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा, १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आपला पहिला मराठी बोलपट, तो मात्र आपण पाहू शकतो. जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी भंगारात विकली जायची, आगीत जायची. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसाने कुठकुठून रिळं आणून ती तिथे ठेवली. एक राहिला, एक गेला. मधे फरक होता तो कोणाच्या तरी यत्नाचा.

क्लाऊड म्हणजे माळा नव्हे

‘पण आता सगळं डिजिटल आहे, आता काय हरवणार?’ असं वाटत असेल तर घरातल्या चाळिशीच्या ताई-दादांना ऑर्कुटबद्दल विचारा. स्क्रॅप्स, टेस्टिमोनियल्स, कॉलेजचे फोटो, पहिलं प्रेमसुद्धा. ३० सप्टेंबर २०१४ ला दुकान बंद झालं. डेटा उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत वेळ दिला होता, पण किती जणांनी घेतला? मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगून टाकलं, सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ मधली अपलोड केलेली गाणी गेली. ते सगळं ‘सेव्ह’ होतंच की! कोणीतरी जपलेलं मात्र नव्हतं.

माझ्याच फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो आहेत. त्यातले किती पुन्हा पाहिले? आईच्या एका अल्बममध्ये बत्तीस फोटो आहेत आणि तिला प्रत्येकातला माणूस, साल आणि त्या दिवशीचा स्वयंपाक पाठ आहे. साठवण माझी मोठी, जतन तिचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या स्वराज्याशी नातं सांगणारे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन्ही वेळा आपण स्टेटस ठेवलं, ‘वारसा जपूया’. छानच. फक्त एवढं लक्षात ठेवूया, की हे क्रियापद स्टेटसवर चोवीस तास टिकतं. प्रत्यक्षात त्याला वर्षातून एकदा तरी, ऑफिसला गेल्यावर, गुपचूप टेप लावावी लागते.

या वीकेंडला करून पाहा

• जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावं आणि साल लिहा. बॉलपेन नको. आणि हे काम घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करा, नावं त्यांनाच माहीत असतात.

• जुनी पत्रं, दाखले, पत्रिका लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. त्यातून कागद पुन्हा धड सुटत नाही.

• पैठणी किंवा जरीची साडी प्लास्टिकमध्ये नको, सुती मलमलमध्ये. दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते. आणि अधूनमधून नेसा!

• कॅसेट्स उभ्या ठेवा, ऊन, दमट कोपरा आणि स्पीकरचं चुंबक यांच्यापासून लांब. जमेल तितक्या लवकर डिजिटल करून घ्या. मूळ कॅसेट टाकण्याआधी आईला विचारा.

• डिजिटल गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि फाइलला नाव द्या. ‘आयएमजी_४०२१’ हे आजीचं नाव नाही.

• अकरा हजारांतले बत्तीस निवडा, छापून घ्या. कोणते बत्तीस, यावरून घरात भांडण झालं तर खुशाल होऊ द्या. त्या भांडणातच अर्धी माहिती मिळते.